अँबेसिडर तापली की बंद पडते : प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉईल सगळं बदललं, आता काय उरलं?

दारव्हेकर_मास्तर · २४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी अँबेसिडर मार्क फोर, १९८५ ची, पेट्रोल, तेच जुनं १४८९ सीसीचं इंजिन. वडिलांची. ते गेल्यावर तीन वर्षं कोठ्यात कापसाच्या गाठोड्यांमागे उभी होती. मागच्या दिवाळीत बाहेर काढली, ब्रेक केले, टाकी धुतली, टायर टाकले. हिवाळाभर अशी चालली की गावातले लोक थांबवून फोटो काढायचे.

मे लागला आणि नाटकं सुरू झाली. सकाळी अर्ध्या सेल्फात सुरू. वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की आधी मिसिंग, मग दोन-तीन झटके, मग गप्प. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू. दोन आठवड्यांत तीनदा झालं. तिसऱ्या वेळी सासूबाईंना घेऊन कारंज्याला गुरुमंदिरात निघालो होतो. त्यांनी बाभळीखाली बसून नावं ठेवली ती गाडीला नाही, मला.

पहिल्यांदा बंद पडल्यावर गॅरेजवाल्याने चार प्लग बदलले. दुसऱ्यांदा पॉइंट, कंडेन्सर आणि कॉईल. प्रत्येक वेळी "आता नाही होणार सर". आता म्हणतो, विकून टाका, किलोवर जाईल. विकायची नाही. यवतमाळला जायला आमच्याकडे पूर्वी निदान शकुंतला रेल्वे तरी होती, उशिरा का होईना पोचवायची. आता ही आहे.

वाचून कोणाला काही सुचलं तर सांगा.

वऱ्हाडी_पाना · २४ मे, रात्री १०:०५

मास्तर, एकच सांगा. गाडी बंद पडली तवा करंट पाह्यला का कोनी? ठिनगी होती का नव्हती?

तुमी एवढं सारं लिवलं, पन हे नाई लिवलं. म्हंजे पाह्यलंच नाई. गाडी बंद पडते रस्त्यावर आन् दुरुस्त होते गॅरेजात, जिथं थे चांगली चालून राह्यली असते! चालत्या गाडीत बिमारी कशी सापडन बाप्पा? मंग मेकॅनिक अंदाजानं एकेक सामान बदलते आन् पैसे तुमचे जातेत.

आता पुढच्या खेपेला बंद पडली का घाबरू नका, खुश व्हा. डिस्ट्रिब्युटरच्या (चारी प्लगले करंट वाटते थो, आमच्या इकडं जुने लोक डेल्को म्हनतेत) कॅपच्या मधातली जाड वायर काढा. प्लास्टिक मुठीच्या पक्कडीनं धरा, हातानं नाई. टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंच दूर ठेवा, कार्बोरेटरपासून चांगलं लांब. दुसऱ्याले सेल्फ मारायले लावा. निळी, जाड, टक् टक् आवाजाची ठिनगी आली तं कॉईल-पॉइंट ठीक हायेत, कॅप-रोटर (कॅपच्या आत फिरनारा तुकडा) नाई तं पेट्रोल पाहा. पिवळी, मरतुकडी आली तं करंट कमी. काहीच नाई आलं तं पेट्रोलचा विषयच नाई.

पाच मिंटाचं काम हाय. हे झाल्याबिगर पुढचं सामान घेऊ नका.

मोर्शीचा_संत्रा · २५ मे, सकाळी ७:१५

आज नवतपा लागला. पारा पंचेचाळीसच्या वर आहे आणि तुम्ही करंट शोधताय. मास्तर, हे शंभर टक्के पेट्रोल उकळण्याचं लक्षण आहे. माझी पद्मिनी गाडी दर मे महिन्यात हेच करते.

टाकीकडून पंपापर्यंतच्या नळीत पेट्रोल ओढलं जातं, म्हणजे तिथे दाब कमी असतो. दाब कमी की उकळणं लवकर. पंप इंजिनला चिकटलेला, इंजिन तापलेलं, वरून हे ऊन. पंपात वाफ भरली की तो वाफच हलवत बसतो, कार्बोरेटरला काही पोचत नाही. थंड झालं की परत पेट्रोल. तुमचा अर्धा तास तोच.

उपाय आमच्या आजोबांचा. जुन्या धोतराचं फडकं ओलं करून पंपावर टाका, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. लोखंडी नळी सायलेन्सरच्या बाजूने जात असेल तर तिला वळवा किंवा मध्ये पत्रा लावा. मी लावला, त्रास निम्मा झाला. कॉईल बदलायची गरजच नव्हती.

रिकामटेकडा_४४ · २५ मे, सकाळी ११:३०

कसलं काय, हे सगळं इथेनॉलचं. वीस टक्के मिसळून देतात आणि जुन्या गाड्या मारतात. कॉईल गेली तरी इथेनॉल, प्लग गेला तरी इथेनॉल. सरकारला

वऱ्हाडी_पाना · २५ मे, दुपारी १२:१०

रिकामटेकडे भाऊ, वाक्य तं पुरं करा. इथेनॉलनं जुने रबरी पाइप आन् पंपाचा पडदा खराब होते हे खरं हाय, त्यानं पानी धरते हेबी खरं. लय दिवस उभ्या गाडीले त्याचा तरास होते, मानलं. पन ठिनगी नसन तं टाकीत अत्तर भरलं तरी गाडी चालनार नाई. त्याचा येगळा धागा हाय, तिकडं भांडू.

संत्रेवाले भाऊ, तुमचं चुकलं नाई. उन्हाळ्यात निम्म्या गाड्या तशाच बंद पडतेत. पन लक्षन एकच असलं तरी बिमाऱ्या दोन असू शकतेत, म्हणूनच करंट पाहा म्हनलो.

दारव्हेकर_मास्तर · २६ मे, संध्याकाळी ६:२०

पाहिला. आज दुपारी मुद्दाम निघालो, पुतण्या बरोबर. सतराव्या किलोमीटरला बंद. इतका आनंद कधी गाडी बंद पडल्यावर झाला नव्हता.

मधली वायर काढली, पक्कडीने धरली, पुतण्याने सेल्फ मारला. काहीच नाही. ना निळी ना पिवळी. संत्रेवाल्यांच्या समाधानासाठी पंपावर ओलं फडकंही टाकलं, त्याने पंप गार झाला, गाडी नाही.

म्हणजे करंटच. पण कॉईल तर नवी आहे, पॉइंट नवे, कंडेन्सर नवा. मग?

आगार_निवृत्त · २६ मे, रात्री ८:४५

मास्तर, मी एस.टी.च्या वर्कशॉपात होतो. नोकरी डिझेलवर झाली, पण घरी तीस वर्षं पेट्रोलची जीप होती, ती मीच उघडायचो. थोडं लांबण लावतो, सहन करा.

नवं सामान म्हणजे चांगलं सामान, हे आधी डोक्यातून काढा. दुसरं, तुमच्या यादीत फक्त डबीत मिळणारं सामान आहे. त्या सामानाला जोडणाऱ्या वायरींचं नाव कोणीच घेतलेलं नाही.

करंटचा रस्ता असा. बॅटरीतून चावीच्या स्विचला, तिथून कॉईलच्या प्लसला. कॉईलच्या आत जाड तारेचे थोडे वेढे, त्यातून करंट मायनसला बाहेर येतो, तिथून एक वायर डिस्ट्रिब्युटरला, आत पॉइंट, आणि पॉइंट मिटलेले असताना तो करंट बॉडीला म्हणजे अर्थला जातो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, कॉईलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट तयार होतात. तीच ठिणगी. कंडेन्सर काय करतो, तर करंट तुटताना पॉइंटवर जी ठिणगी पडली असती ती गिळतो. तो गेला तर पॉइंट जळतात आणि प्लगची ठिणगी मरते.

म्हणजे ठिणगी येत नसेल तर कारणं बहुतेक वेळा दोनच. करंट येत नाही, किंवा तुटत नाही. कुठलं ते एका बल्बने कळतं. ट्रॅक्टरच्या पार्किंग लाइटचा बारा व्होल्टचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी लावा. एक अर्थला. दुसरी कॉईलच्या प्लसला लावा, चावी चालू. पेटला तर चावीपर्यंत सगळं ठीक. न पेटला तर स्विच किंवा वायर. जुन्या गाड्यांत चावीला घराच्या, कोठ्याच्या, गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवतात, त्याच्या वजनाने आतले कॉन्टॅक्ट झिजतात, खड्ड्यात तुटतात. हे मी खूप पाहिलं.

मग तीच वायर कॉईलच्या मायनसला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला पाहिजे. पॉइंट मिटले की विझेल, उघडले की पेटेल. सतत पेटलेला राहिला तर करंट अर्थपर्यंत पोचतच नाही. सतत विझलेला राहिला तर कॉईल आतून तुटलीय किंवा कुठेतरी अर्थ लागलाय, बहुधा कंडेन्सर आतून शॉर्ट किंवा पॉइंटची वायर बॉडीला टेकलेली. (प्लसला आधी पेटला असेल तरच हे खरं.)

अजून एक करा. मल्टीमीटर कोणाकडे असेल तर कॉईलच्या सगळ्या वायरी काढून प्लस-मायनसमधला ओहम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजा. नव्या कॉईलचाही आणि जुनी फेकली नसेल तर तिचाही. का ते आकडे आल्यावर सांगतो.

आणि बंद पडलेल्या गाडीत चावी चालू ठेवून गप्पा मारू नका. पॉइंट नेमके मिटलेले असतील तर कॉईल तापत बसते.

हिंगणघाटची_८०० · २७ मे, सकाळी ९:००

मास्तर, "तीन वर्षं कोठ्यात, कापसाच्या गाठोड्यांमागे" हे वाचूनच माझ्या अंगावर काटा आला. उंदीर!

माझी मारुती ८०० कार्बोरेटरवाली, बाबांनी मला दिलेली. सोयाबीन घरात आलं त्या हंगामात एक दिवस तीनातल्या दोनच सिलेंडरवर चालायला लागली, ट्रॅक्टरसारखी थडथड. पाहिलं तर तिसऱ्या प्लगची वायर अर्धी कुरतडलेली आणि एअर फिल्टरच्या डब्यात सोयाबीनच्या शेंगांचं घरटं, त्यात चार पिल्लं. आई म्हणाली, गाडी आठ दिवस लावू नको, पिल्लं मोठी होऊ दे. लावली नाही, खरंच. एस.टी.ने गेले.

मग वायरी बदलताना मी चूक केली, तिन्ही एकदम काढल्या. ८०० चा क्रम १-३-२, तुमचा चार सिलेंडरचा १-३-४-२. एक-एक काढून एक-एक लावायची, किंवा दोऱ्याला गाठी मारून बांधायचं, एक गाठ दोन गाठी. मला हे मेकॅनिकने हसून झाल्यावर सांगितलं.

झाडीपट्टीतला · २७ मे, दुपारी १:३०

आमच्या मूल गावाकडे उन्हाळ्यापेक्षा पावसात त्रास जास्त जी. धानाच्या हंगामात हवेत इतकी ओल राहते की डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दव बसते. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी जाते. कॅप काढून कोरड्या सुती कपड्याने आतून पुसली की सुरू. एकदा मात्र पुसूनही होईना. रात्री अंधारात बोनेट उघडून पाहिलं तर कॅपवर निळ्या मुंग्या चालतात तशी ठिणगी पळत होती. आत केसाएवढी तडा, त्यात कार्बनची काळी रेघ. ती एकदा पडली की पुसून जात नाही जी, कॅपच बदलावी लागते. अंधारात पाहायचं मात्र सगळ्यांनी एकदा करून पाहा, फुकट आहे.

मास्तरांचं हे नाही, त्यांच्याकडे तर मधल्याच वायरीत करंट नाही. पण लिहून ठेवलं, जून येतोच आहे.

दारव्हेकर_मास्तर · २८ मे, रात्री ९:१०

आगारवाले काका, बल्ब केला. आज बंद पडायला तयारच नव्हती. तीस किलोमीटर गेलो, परत आलो, आणि घरच्या फाट्यावर शेवटच्या गतिरोधकाला बंद पडली. प्लसला बल्ब पेटला. मायनसला लावला, सेल्फ मारला, सतत पेटलेला. एकदाही विझला नाही.

कॅप काढून पॉइंट पाहिले. तीन आठवड्यांचे नवे पॉइंट, पण काळे-निळे पडलेत, एका बाजूला टेकडी, दुसरीकडे खड्डा. पुतण्या म्हणाला हेच कारण, घासून टाकू.

ओहम : नवी कॉईल १.६. जुनी डिकीतच होती, ती ३.२. घराच्या ओट्यावर गार असताना मोजले.

वऱ्हाडी_पाना · २८ मे, रात्री ९:३५

मास्तर, आता नीट आठवून सांगा. दर वेळी "अर्धा तास थांबलं की सुरू होते" म्हनता. थे अर्ध्या तासानं सुरू होते, का कोनी बोनेटात हात घातल्यावर सुरू होते?

दारव्हेकर_मास्तर · २८ मे, रात्री १०:५०

हा प्रश्न वाचून बायकोला विचारलं, कारण माझी आठवण मास्तराची, सोयीची.

पहिल्या वेळी अर्धा तास थांबलो, पण मेकॅनिक मोटरसायकलवर आला, त्याने सगळ्या वायरी ओढून दाबून पाहिल्या आणि सुरू झाली. दुसऱ्या वेळी चहाच्या टपरीवरच्या पोराने दहा मिनिटांतच काहीतरी हलवलं आणि सुरू झाली. मी त्याला वीस रुपये दिले होते, विसरलो कसा. कारंज्याच्या वेळी खरंच कोणी हात लावला नाही, पाऊण तास बसलो. आणि परवा पुतण्याने कॅप काढून परत लावली, मग सुरू.

म्हणजे चारपैकी तीन वेळा हात लागलाय!

वऱ्हाडी_पाना · २८ मे, रात्री १०:५५

झालं. आता गरमीले सोडा. वायर तुटली हाय कुठंतरी, आतल्या आत.

आगार_निवृत्त · २९ मे, सकाळी ६:३०

पानाभाऊंनी नेमकं विचारलं. मी पुढचं सांगतो.

आधी कॉईल. तुमच्या गाडीच्या कॉईलला मूळ व्यवस्थेत बाराच्या बारा व्होल्ट मिळतात, म्हणून तिचा ओहम तीनच्या आसपास पाहिजे. बारा भागिले तीन, चार अँपिअर. नवी बसवलेली कॉईल दीड ओहमची, म्हणजे ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉईलच्या आधी जोडलेला, करंट कमी करणारा तुकडा) वापरायची. तो रेझिस्टर नसेल तर बारा भागिले दीड, आठ अँपिअर. दुप्पट. कॉईल हात लावू देणार नाही इतकी तापते आणि पॉइंट तीन आठवड्यांत कोळसा होतात. कॉईल बाहेरून सारख्याच दिसतात, ब्रॅकेटही सारखं, काउंटरवर कोणी विचारत नाही. तुमची जुनी कॉईल माझ्या मते कधी बिघडलीच नव्हती. ती परत लावा. उलटसुलट लावू नका. प्लस-मायनस उलटे झाले तरी गाडी चालते, पण प्लगवर ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात, तापल्यावर मिसिंग मारते.

आता मूळ रोग. बल्ब सतत पेटलेला, म्हणजे कॉईलच्या मायनसपासून अर्थपर्यंत रस्ता तुटलाय. त्यात चार जागा : कॉईलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतची वायर, डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या टर्मिनलपासून आत पॉइंटच्या पट्टीपर्यंतची छोटी वायर, पॉइंट स्वतः, आणि पॉइंटची प्लेट अर्थला जोडणारी उघडी विणलेली तार.

दुसरी आणि चौथी, या दोन तारांकडे कोणी पाहत नाही. पॉइंटची प्लेट स्थिर नसते. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला पत्र्याची गोल डबी आहे ना, बारीक नळी कार्बोरेटरकडे गेलेली, ती व्हॅक्यूमने प्लेटला फिरवते, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे-मागे करायला. म्हणजे तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता-सोडता तितक्या वेळा त्या तारा वाकतात. १९८५ पासून किती वेळा, तुम्ही गणिताचे असाल तर काढा. वरचं कापडी किंवा रबरी आवरण साबूत राहतं आणि आतले धागे एकेक करून तुटतात. शेवटी दोन टोकं नुसती टेकून असतात. गतिरोधकावर धक्का बसला की सुटतात. उन्हात आवरण सैल पडतं म्हणून मे महिन्यात जास्त.

तपासणी : कॅप आणि रोटर काढा. पॉइंट उघडे असतील असं इंजिन थोडं फिरवा, नाहीतर मध्ये कागद घाला. मीटरचं एक टोक बाहेरच्या टर्मिनलला, दुसरं पॉइंटच्या पट्टीला. आता व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढा. प्लेट फिरेल. आकडा हलला तर तार गेली. नळी ओढून जीभ लावल्यावर प्लेट तशीच राहिली पाहिजे. हळूच मागे आली तर डबीतला पडदा फाटलाय, तो वेगळा खर्च.

नागपूरकर_नवा · २९ मे, दुपारी ३:००

काका लोक, २०१४ ला बंद झालेल्या गाडीवर तुम्ही अजून पॉइंट घासताय! हॉल सेन्सरचं (चुंबक ओळखणारा सेन्सर) इलेक्ट्रॉनिक किट मिळतं, पॉइंट-कंडेन्सर काढायचे, ते बसवायचं, विषय संपला. गॅप नाही, घासणं नाही, टायमिंग हलत नाही. मी माझ्या दुसऱ्या जुन्या गाडीला बसवलंय, मस्त चालते.

वऱ्हाडी_पाना · २९ मे, दुपारी ३:२५

तुमी नागपुरात राह्यता. किट उडालं तं रिक्षा करून घरी जासाल. मास्तर बंद पडतेत लाडखेडच्या रस्त्यावर. पॉइंट खराब झाला तं माचिसच्या पेटीची घासपट्टी काढायची, दोन हात मारायचे, घर गाठायचं. किट उडलं तं त्याले घासून काय होते?

हिंगणघाटची_८०० · २९ मे, संध्याकाळी ५:१०

दोघंही बरोबर आहात, भांडू नका. किट चांगलंच असतं, पण त्यालाही बरोबर ओहमची कॉईल लागते. मास्तरांनी त्या १.६ वर ते बसवलं असतं तर कदाचित पहिल्या आठवड्यात गेलं असतं. वायरी उलट लावल्या तर एका क्षणात जातं. बसवलं तर जुनी पॉइंटची प्लेट जशीच्या तशी डब्यात घालून डिकीत ठेवा. दहा मिनिटांत परत लावता येते.

पानाभाऊ, माचिस रस्त्यापुरती. घरी बारीक पॉलिश पेपर वापरा आणि नंतर पेट्रोलच्या कपड्याने पुसा, घासलेली भुकटी राहिली की तीच जळते.

आगार_निवृत्त · २९ मे, रात्री ८:००

आणि कॅमवर (पॉइंट उघडणारा फिरता दांडा) पॉइंटची जी फायबरची टाच घासते, तिथे मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस. जास्त नाही, उडून पॉइंटवर जातं. कोरडं ठेवलं तर टाच झिजते, गॅप कमी होते, टायमिंग मागे पडतं, इंजिन तापतं, आणि लोक रेडिएटर बदलतात.

दारव्हेकर_मास्तर · ३१ मे, रात्री ८:३०

सापडलं!

कॅप काढली, मीटर लावलं, पुतण्याने नळी तोंडाने ओढली (पेट्रोलची चव आली म्हणे, दिवसभर थुंकत होता). प्लेट फिरली आणि मीटर शून्यावरून एकदम काही नाही. सोडली, परत शून्य. पाच वेळा केलं, पाचही वेळा. बाहेरच्या टर्मिनलपासून आत जाणारी ती चार बोटांची वायर. आवरण अगदी नवं दिसतं. काढून दोन बोटांत वाकवली तर मध्ये जिलबीसारखी मऊ. आवरण चिरलं, आत तांब्याचा एक धागा शिल्लक होता, बाकी सगळे तुटून हिरवे पडलेले.

गॅरेजवाल्याने पॉइंट बदलले तेव्हा त्याच वायरीचा नट सोडून परत आवळला होता. हातात घेतली होती त्याने ती. त्याच्यावर राग नाही आला, कारण मीही तिच्याकडे तीनदा पाहिलं होतं.

तशी तयार वायर इथे कुठे मिळेना. घरातली साधी वायर घालणार होतो, पण विचारून घालावी म्हटलं.

आगार_निवृत्त · ३१ मे, रात्री ८:५०

बरं केलंत विचारलंत. घराच्या वायरिंगची तार घालू नका. ती कडक, प्लेटला फिरू देत नाही आणि महिनाभरात तुटते. खराब मल्टीमीटर असेल तर त्याच्या काळ्या-लाल प्रोबच्या वायरी कापा. आत केसासारखे शेकडो धागे असतात, कितीही वाकवा. टोकांना टर्मिनल दाबून बसवा. नुसतं डाग देऊन सोडू नका, डाग दिलेल्या जागेच्या कडेला तार तुटते. लांबी पहिल्याएवढीच, थोडी ढील ठेवून, आणि रोटरला लागणार नाही अशी वळवा.

पॉइंटची गॅप पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८ मिमी, प्लगची पंचवीस थाऊ. गॅप मोजायला पोस्टकार्ड-ब्लेडवर जाऊ नका, फीलर गेज (मोजलेल्या जाडीच्या पात्या) घ्या, एकदाच घ्यायचं असतं. गॅप बदलली की टायमिंगही बदलतं. तोच बल्ब मायनसला लावून इंजिन हाताने सावकाश फिरवा. बल्ब पेटेल तो क्षण म्हणजे पॉइंट उघडल्याचा. त्या वेळी पुलीची खूण कुठे आहे ते पाहा.

प्लगच्या वायरी काढल्या असतील तर लक्षात ठेवा, तुमच्या इंजिनात रोटर वरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट फिरतो. १-३-४-२ त्याच दिशेने मोजा. एक नंबर सिलेंडर रेडिएटरकडचा.

मोर्शीचा_संत्रा · १ जून, सकाळी ७:४०

म्हणजे माझं फडकं फुकट गेलं. तरी पंपावर असू द्या मास्तर, जूनचा पहिला आठवडा आमच्याकडे मेपेक्षा वाईट असतो.

दारव्हेकर_मास्तर · ९ जून, रात्री ९:००

आठ दिवस मुद्दाम थांबलो, घाईत जाहीर केलं की गाडी ऐकते.

पुतण्याच्या कॉलेजचं जुनं मीटर कामी आलं, त्याची लाल वायर आता अँबेसिडरच्या पोटात आहे. जुनी ३.२ ची कॉईल परत लावली. नवे पॉइंट घेतले, कारण ते कोळसा झालेले घासूनही सरळ होईनात. दारव्हा-यवतमाळ-दारव्हा तीन वेळा, तिन्ही वेळा भर दुपारी, प्रत्येक गतिरोधकावर मुद्दाम जोरात. एकदाही झटका नाही. कॉईलला प्रवासानंतर हात लावून पाहतो, कोमट.

एकदा यवतमाळला बाजारात पाऊण तास उभी करून परत सुरू करताना थोडी घसा खाकरली, पेट्रोल येईना. पक्कडीने वायर धरून ठिणगी पाहिली, निळी. मग पंपावर ओलं फडकं टाकलं. दोन मिनिटांत सुरू. संत्रेवाले भाऊ, तुमचं फडकं फुकट नाही गेलं.

काल कारंज्याला जाऊन आलो. सासूबाई पुढच्या सीटवर. लाडाच्या कारंज्यापर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसल्या होत्या.

झाडीपट्टीतला · ९ जून, रात्री ९:२०

छान झालं जी. मास्तर, ती दीड ओहमची कॉईल काय करता? माझ्या जुन्या जीपला बॅलास्ट आहे, कॉईलजवळ तो पांढरा चिनीमातीचा तुकडा. माझी कॉईल आता गरम झाली की मिसिंग मारते. हे ओहम मोजूनच सांगतो, अंदाजाने नाही.

दारव्हेकर_मास्तर · ९ जून, रात्री ९:३०

किती आले?

झाडीपट्टीतला · ९ जून, रात्री ९:५५

गार असताना १.५. तापल्यावर बंद पडली तेव्हा काहीच दाखवत नव्हती, रस्ता तुटलेला. पाऊण तासाने परत १.५. कोणी हात लावला नव्हता जी, मी एकटाच होतो.

वऱ्हाडी_पाना · ९ जून, रात्री १०:००

मंग तुमची कॉईलच गेली. मास्तर, धाडा तिकडं. एस.टी.च्या पार्सलनं धाडा.

दारव्हेकर_मास्तर · १० जून, सकाळी ८:१५

पाठवली. डब्यावर "१.६ ओहम, बॅलास्टसोबतच वापरावी" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. पार्सलवाल्याने विचारलं, औषध आहे का?